नोंदवहीत न सापडलेलं घराणं

हातात रिकामं मडकं घेऊन तुम्ही बाबेलच्या राजवाड्यातल्या कोठाराबाहेर उभे आहात. साल इसवी सनापूर्वी ५९२. इश्तारचा दरवाजा इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथून गाढवांचं ओरडणं, हमालांच्या शिव्या, सगळं ऐकू येतंय. आत जाड भिंतींमुळे गारवा आहे आणि तिळाच्या तेलाचा वास इतका दाट, की अंगावरच्या कपड्यांतून तो लवकर जायचा नाही. कारकून मांडी घालून बसलाय. डाव्या तळव्यावर ओल्या मातीची वडी, उजव्या हातात टोक छाटलेली बोरूची काडी. काडी मातीत टेकवायची, उचलायची, वडी किंचित फिरवायची, पुन्हा टेकवायची. बघता बघता एक नाव लिहून होतं.

अश्कलोनच्या राजाच्या मुलांचं तेल मोजून झालं. मग बायब्लोसच्या सुतारांचं. मग मिसरहून आणलेल्या एका माकडवाल्याचं. आता तुमचा नंबर.

"कोणाकडून?"

तुम्ही सांगता, यहूदाचा राजा यखन्या. कारकून मान वर करत नाही. कैदेतले राजे त्याच्या यादीत नेहमीचेच.

यखन्या अठराव्या वर्षी यरुशलेमच्या गादीवर बसला आणि तीन महिन्यांत त्याला शहर बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या हवाली करावं लागलं. आता तो तेविशीच्या घरात आहे, परमुलखात अडकलाय, पण त्याचा प्रपंच काही थांबलेला नाही. कारकून त्याच्या नावापुढे त्याचं तेल लिहितो आणि पुढे पाच मुलांचं मिळून अडीच सिला. सिला म्हणजे लिटरच्या आतबाहेर. पोरामागे अर्धा. तेल तुमच्या मडक्यात पडतं, वडी वाळायला फळीवर जाते.

अशा वड्या पुढे अडीच हजार वर्षं मातीखाली राहिल्या. रॉबर्ट कोल्डेवाय या जर्मन उत्खननकाराच्या माणसांना त्या सापडल्या, एर्न्स्ट वाइडनरने १९३९ मध्ये त्यांतल्या काहींचं वाचन प्रसिद्ध केलं, आणि आज त्या बर्लिनच्या संग्रहालयात आहेत. शास्त्रात नाव असलेल्या माणसाची अशी शिधापत्रिकाच हाती लागावी, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आलंय.

आता गंमत बघा. याच यखन्याबद्दल यिर्मया संदेष्टा सांगून मोकळा झालाय की ह्याची नोंद निपुत्रिक म्हणून करा. आणि पुढे काही पिढ्यांनी 'पहिले इतिहास' लिहिणारा त्याच्याच नावाखाली सात मुलगे मांडून ठेवणार आहे. कारकुनाकडे पाच, संदेष्ट्याकडे एकही नाही, इतिहासकाराकडे सात. यातलं चूक कोण? कोणीच नाही. कारकुनाला त्या दिवसाचं तेल मोजायचंय. संदेष्ट्याला म्हणायचंय की याचं पोर दावीदाच्या गादीवर बसणार नाही, आणि गादी गेली की राजवंशाच्या हिशेबी माणूस निपुत्रिकच. इतिहासकाराला परत आलेल्या लोकांचा पुढारी जरूब्बाबेल दावीदाच्या घराण्याला जोडून दाखवायचाय, म्हणून त्याला सगळी मुलं हवी आहेत. (हा जरूब्बाबेल एज्राच्या पुस्तकात शल्तीएलचा मुलगा आहे आणि इतिहासात शल्तीएलच्या भावाचा, पदायाचा. दोन्ही नोंदी शास्त्रात सुखाने नांदतात.)

बायबलमधल्या वंशावळी वाचताना आपण पानं भराभर उलटतो, कारण अमक्याला तमका झाला याच्यापलीकडे त्यात काही घडत नाही असं वाटतं. माझं म्हणणं असं, की तिथे सगळ्यात जास्त घडतं. कोण आत आणि कोण बाहेर, जमीन कोणाची, वेदीवरचा घास कोणाचा, हे तंटे त्या नावांमध्ये मिटवलेले असतात. आणि प्रत्येक यादीत एक तरी नाव असं असतं की जे तिथे असायला नको होतं. त्या नावाशी थांबायचं.

बाबेल सोडण्यापूर्वी आणखी एक यादी डोळ्यांखालून घाला. या मुलखात राजांची एक फार जुनी यादी आहे. तिची एक प्रत मातीच्या चौकोनी स्तंभावर कोरलेली आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. तिच्यात महापुरापूर्वीचे आठ राजे मिळून दोन लाख एक्केचाळीस हजार दोनशे वर्षं राज्य करतात. उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायातही महापुरापूर्वीची नावं आहेत, आदामापासून नोहापर्यंत दहा, आणि आयुष्यंही लांबलचक. मथुशलहाची ९६९ वर्षं प्रसिद्धच आहेत. पण त्या दहांत एकही राजा नाही. माणसं जन्मतात, मुलं होतात, मरतात, एवढंच. सतराव्या शतकात आयर्लंडच्या आर्चबिशप अशरने ही वयं इतर साधनांशी जुळवून जगाच्या जन्माची तारीख काढली, इसवी सनापूर्वी ४००४. मेहनत अफाट, पण यादीला तिने न विचारलेला प्रश्न विचारून काढलेलं उत्तर.

चला. पन्नासएक वर्षं पुढे.

पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतलंय आणि यहूद्यांना घरी जायची परवानगी दिलीय. या वाटेला चारएक महिने लागतात. नदीच्या कडेकडेने वर आणि मग खाली, टाचांच्या भेगांत धूळ बसलेली, आणि शेवटी डोंगरावर दिसतात ते जळक्या वेशींचे दगड. ज्या यरुशलेमच्या आठवणी आजीने सांगितल्या ते हे नव्हेच. तरी लोक रडतात, जमिनीला हात लावतात. मग नोंदणी सुरू होते.

या नोंदणीत तुम्ही लेखनिकाचे मदतनीस आहात. घराणी एकेक करून पुढे येतात. परोशाचे वंशज, २,१७२. पुढचे. याजकांची चार घराणी, एकूण ४,२८९. लेव्यांची मात्र जेमतेम ७४ माणसं; देवळात सेवा करायची, हुकूम याजकांचे ऐकायचे, एवढ्यासाठी बाबेलातलं बस्तान कोण मोडणार? घोडे ७३६, खेचरं २४५, उंट ४३५, गाढवं ६,७२०. माणसांची बेरीज ४२,३६०. ही बेरीज एज्रा आणि नहेम्या या दोन्ही पुस्तकांत एकच आहे, पण वरचे आकडे मिळवायला बसलात तर एज्रात २९,८१८ भरतात आणि नहेम्यात ३१,०८९. टीकाकार यावर शतकानुशतकं डोकं खाजवताहेत. ज्याने कधी मोठ्या वहीची बेरीज उतरवून घेतलीय त्याला नवल वाटणार नाही.

दुपारच्या सुमाराला तीन घराणी पुढे येतात. हबायाचे, हक्कोसाचे आणि बर्जिल्लयाचे. म्हणतात, आम्ही याजक.

लेखनिक नोंदी काढतो. तुम्ही गुंडाळी एका टोकाला धरून ठेवलीय, तो दुसऱ्या टोकाने उलगडत जातो. बोट ओळींवरून खाली येतं, थांबतं, पुढे जातं. पुन्हा पहिल्यापासून. हक्कोसाकडचा म्हातारा तुमच्याकडे बघतोय, लेखनिकाकडे नाही. कारण तुमच्या चेहऱ्यावर आधी कळेल. नाव नाही. जात पडताळणीच्या कचेरीत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि पणजोबाचा शाळेचा दाखला घेऊन जो कधी उभा राहिलाय, त्याला ही दुपार समजावून सांगायला नको.

बर्जिल्लयाच्या घराण्याची अडचण तर आणखी चमत्कारिक. त्यांचा पूर्वज याजकच होता, पण त्याने गिलादातल्या बर्जिल्लय नावाच्या बड्या असामीच्या घरची मुलगी केली आणि नाव सासऱ्याचं लावलं. हा मूळचा बर्जिल्लय म्हणजे दावीद राजा पोटच्या पोराच्या बंडामुळे परागंदा झाला तेव्हा त्याला आणि त्याच्या माणसांना धान्य, मध, मेंढरं पोचवणारा ऐंशी वर्षांचा श्रीमंत म्हातारा. अशा घरचं नाव लावायला कोणाला आवडणार नाही? पण घरजावई झालेल्या याजकाच्या वंशजांना आता देऊळ म्हणतं, तुम्ही याजकांच्या वहीत कुठे आहात?

यात नुसता मानापमान नाही. याजकाच्या कुळाला वाटणीची जमीन नसते. लोक वेदीवर जे आणतात त्यातला ठरलेला वाटा, तोच त्यांचा उदरनिर्वाह. वहीत नाव नाही म्हणजे ताटात घास नाही. तीन घराण्यांना अशुद्ध ठरवून याजकपणातून बाजूला काढतात. सुभेदार निकाल देतो: उरीम आणि थुम्मीम घेऊन याजक उभा राहीपर्यंत यांनी परमपवित्र अन्नाला शिवू नये. उरीम आणि थुम्मीम म्हणजे मुख्य याजकाच्या ऊरपटात ठेवायची, देवाचा कौल घ्यायची साधनं. ती या परत आलेल्यांपैकी कोणाकडेही असल्याचं कुठे लिहिलेलं नाही. सरकारी भाषेत सांगायचं तर प्रकरण प्रलंबित.

म्हातारा काही बोलत नाही. त्याच्या नातवाच्या हातात दोरी आहे आणि दोरीला गाढव. ते गाढव मोजलं गेलंय.

इसवी सनापूर्वी ४५८. नववा महिना, विसावा दिवस, आणि पाऊस. देवळापुढच्या चौकात यहूदाचे पुरुष जमलेत आणि तुम्ही त्यांच्यात चिंब भिजून उभे आहात. कुडकुडताय. थंडीने आणि भीतीने. पुस्तकातच दोन्ही कारणं दिली आहेत. बाबेलहून आलेला शास्त्री एज्रा उठून सांगतो की परजातीच्या बायका करून तुम्ही इस्राएलाचा दोष वाढवलात, आता त्या सोडा. जमाव म्हणतो, हो, पण माणसं फार आहेत, पाऊस आहे, हे एका दिवसाचं काम नव्हे. मग चौकशी नेमली जाते, तीन महिने चालते, आणि शेवटी शंभराहून अधिक पुरुषांच्या नावांची यादी. तिच्यात याजकसुद्धा आहेत. एज्राचं पुस्तक या यादीवरच संपतं, आणि शेवटच्या ओळीत एवढीच नोंद आहे की यांतल्या काही बायकांना मुलंही झालेली होती. त्या मुलांचं पुढे काय झालं, हे नाही. त्यांची वंशावळ कोणी ठेवली नाही.

मला एज्राचा राग येतो, हे लपवत नाही. पण त्याच्या जागी उभं राहून बघितलं तर मूठभर माणसं आहेत, राज्य परक्याचं आहे, राजा नाही, सैन्य नाही. आपण कोण हे सांगायला त्यांच्याजवळ देऊळ, ग्रंथ आणि वंशावळ, एवढंच उरलंय. तेरा वर्षांनी सुभेदार म्हणून आलेला नहेम्या तर आणखी तापट. मुलं अश्दोदी बोलतात, यहूदी भाषा त्यांना येत नाही, हे ऐकून तो बापांना शिव्याशाप देतो, काहींना मारतो, त्यांचे केस उपटतो, आणि हे सगळं स्वतःच्याच लेखणीने लिहून ठेवतो.

याच नहेम्याच्या कोटाच्या कामावर थोडा वेळ दगड वाहा. बावन्न दिवसांत कोट उभा राहिला. कोणी किती भाग बांधला याचीही यादी आहे. माशांच्या वेशीजवळचा एक तुकडा मेरेमोथाने बांधला. त्याने आणखी एक तुकडा अंगावर घेतला, मुख्य याजक एल्याशीब याच्या घराच्या दारापासून त्या घराच्या टोकापर्यंत. हा मेरेमोथ कोण? उरीयाचा मुलगा, हक्कोसाचा नातू. एज्रा बाबेलहून सोनंनाणं घेऊन आला तेव्हा देवळात ते तोलून घेणारा याजक मेरेमोथ हाही उरीयाचाच मुलगा. आणि 'पहिले इतिहास' उघडा. दावीदाने याजकांच्या चोवीस पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवल्या असं तिथे लिहिलंय, आणि सातवी चिठ्ठी निघाली हक्कोसाची. आणखी पुढे मक्काबींच्या काळात यहूद्यांनी रोमला तहासाठी जे दोन दूत पाठवले, त्यांतला एक याच कुळनावाचा.

मधे काय झालं? उरीम आणि थुम्मीम घेऊन कोणी उभा राहिल्याची हकीगत कुठेही नाही. कौल लागल्याचा उल्लेख नाही, निकाल फिरवल्याचा नाही. हक्कोसाचं नाव शांतपणे वहीत आलं, आणि आलं तेही थेट दावीदाच्या काळातल्या पानावर. मुख्य याजकाच्या दारापुढे दगड रचण्याचा आणि त्या नावाचा काही संबंध असावा असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही. हबाया आणि बर्जिल्लय यांची घराणी मात्र त्या चोवीस पाळ्यांत नाहीत.

आता जागा बदला. गव्हाची कापणी संपत आलीय, लोक बसलेत, आणि कोणीतरी रूथची गोष्ट वाचतंय. ही गोष्ट केव्हा लिहिली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बरेच जण ती याच एज्रा-नहेम्याच्या काळाजवळ नेतात. असं असेल, तर ऐकणाऱ्यांत त्या पावसातल्या चौकातून घरी परतलेला एखादा पुरुष असणार, आणि कदाचित वेशीबाहेर उभी राहून ऐकणारी एक बाई.

दुष्काळामुळे बेथलेहेमचं एक कुटुंब मोआबात जातं, मुलगे तिथल्या मुली करतात, तिन्ही पुरुष मरतात. सासू नामी परत निघते आणि मोआबी सून रूथ तिचा पदर सोडत नाही. नियमशास्त्र सांगतं, मोआबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंतसुद्धा परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते, रात्री खळ्यावर त्याच्या पायांशी येऊन निजते, आणि दुसऱ्या दिवशी बवाज वेशीत दहा वडील माणसं बसवून जवळच्या नातलगाला विचारतो: नामीची जमीन सोडवून घेतोस का? घेतो, तो म्हणतो. मग रूथही घ्यावी लागेल, म्हणजे मेलेल्या महलोनाचं नाव त्याच्या वतनावर राहील. नातलग चाचरतो, माझ्याच वतनाचं नुकसान होईल म्हणतो, आणि पायातली वहाण काढून देतो. व्यवहार पक्का. त्या नातलगाचं नाव गोष्टीत नाही. दुसऱ्याचं नाव राखायला जो तयार झाला नाही, त्याचं नाव गोष्ट लिहिणाऱ्याने राखलं नाही. इतका सफाईदार टोला मी फार कमी ठिकाणी वाचलाय.

मुलगा होतो. तो कोणाचा? बवाजाने वेशीत सांगितल्याप्रमाणे महलोनाचा. शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला, आणि त्याचं नावही त्याच ठेवतात, ओबेद. आणि गोष्ट संपता संपता वाचणारा दहा नावं घडाघडा म्हणतो: पेरेस, हेस्रोन, राम, अम्मीनादाब, नहशोन, सल्मोन, बवाज, ओबेद, इशाय, दावीद. महलोन नाही. नामी नाही. ज्याच्या नावासाठी वेशीत वहाण निघाली तो यादीतून गळाला. बवाज सातवा, दावीद दहावा. गोळाबेरीज नीट बसावी म्हणून मधली नावं गाळली असणार, नाहीतर मिसरात जाण्यापासून दावीदापर्यंतचा काळ दहा जणांत मावत नाही.

आणि ऐकणारा बोटं मोजतो. रूथ मोआबी. तिचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. दहाव्या पिढीपर्यंत नको, आणि हा तर पणतू, इस्राएलाचा राजा. पेरेसाचं नाव ऐकूनही काहींच्या भुवया उंचावतात. तो यहूदाला त्याच्या सुनेपासून, तामारेपासून झालेला, आणि तामारेने त्यासाठी वेश्येचा वेश घेऊन सासऱ्याची वाट अडवली होती. यादी यातलं काहीच सांगत नाही, फक्त नाव घेते. वाचणारा गुंडाळी मिटतो. पावसातल्या चौकाविषयी त्याने एक शब्द काढलेला नाही.

इसवी सन ८५ च्या आसपास, सीरियातलं एखादं शहर, बहुधा अंत्युखिया. तुम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानाची प्रत उतरवताय. यरुशलेमचं देऊळ रोमी सैन्याने ७० साली जाळलंय. त्याच पिढीतला यहूदी इतिहासकार योसेफस मोठ्या अभिमानाने सांगतो की याजकांची कुळं सार्वजनिक नोंदींत जपलेली आहेत आणि याजकाचं लग्न ठरताना ती तपासली जातात. आणि तिसऱ्या शतकातला आफ्रिकानस लिहून ठेवतो की हेरोद राजाने अशा वंशावळी जाळून टाकल्या, कारण त्याचं स्वतःचं कूळ इदोमी होतं आणि ते त्याला डाचत होतं. खरं असो वा ऐकीव, असा माणूस ओळखीचा वाटतो.

मत्तय पहिल्याच ओळीपासून नावं घालतो. सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८०५ मध्ये मराठीत बायबलचं पहिलं पुस्तक छापलं ते मत्तयाचंच, तेव्हा छापील मराठी बायबलची सुरुवातही या नामावळीनेच झाली. पहिल्या वाचकांनी काय तोंड केलं असेल कोण जाणे.

लिहिताना तुमचा हात अडतो. योराम, मग लगेच उज्जीया? मधले तीन राजे कुठे गेले? अहज्या, योवाश, अमस्या, राजांच्या पुस्तकात तर आहेत. पण मत्तयाला चौदा-चौदा-चौदा असे तीन गट हवेत, आणि हिब्रू अक्षरांची किंमत मोजली तर दावीद या नावाची बेरीज चौदाच येते. शेवटच्या गटातली नावं मोजून पाहा, तेराच भरतात.

राजे गाळले, आणि घातलं कोणाला? तामार. यरीहोची वेश्या राहाब. रूथ. आणि उरीयाची बायको. बथशेबा असं नाव न घेता उरीयाचं घेतलंय, म्हणजे दावीदाने जिचा नवरा मारवला ती, हे कोणी विसरू नये. सारा, रिबेका या कुलीन आया नाहीत. बायकांची नावं घालायची पद्धतच नसताना घातल्या त्या या. पुढे बाबेलचा मुक्काम येतो आणि तिथे आपला यखन्या, ज्याला निपुत्रिक लिहा म्हटलं होतं, बाप म्हणून हजर. मग योसेफापर्यंत येऊन वाक्य वळण घेतं. येशूचा जन्म योसेफापासून झाला असं न म्हणता मरीयेपासून म्हणतं. म्हणजे एवढी नावं ज्याच्यासाठी आणली, त्या रक्ताच्या धाग्याला शेवटची गाठच नाही. ज्याला रक्ताचा पुरावा द्यायचा असतो तो असं लिहीत नाही.

लूकाची यादी वेगळी. ती उलटी चढते, योसेफाचा बाप मत्तयाप्रमाणे याकोब न म्हणता एली म्हणते, शलमोनाऐवजी दावीदाच्या दुसऱ्या मुलावरून, नाथानावरून जाते, आणि आदामापाशीही न थांबता थेट देवापर्यंत पोचते. दोघांचा मेळ घालायचे यत्न आफ्रिकानसापासून चालू आहेत. इब्री लोकांना लिहिलेलं पत्र तर भलतंच टोक गाठतं: तिथे आदर्श याजक म्हणून पुढे केलाय मलकीसदेक, ज्याला ना बाप, ना आई, ना वंशावळ. हक्कोसाच्या म्हाताऱ्याने हे ऐकलं असतं तर त्याला हसू आलं असतं की रडू, सांगवत नाही.

शेवटचा मुक्काम १९६०च्या दशकातलं इस्राएल. या वेळी तुम्ही मराठीत विचार करता. तुमचं आडनाव पेणकर, चेऊलकर, दिवेकर यांतलं काहीतरी. तुम्ही कोकणातले बेने इस्राएल. पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं आणि सात जोडपी वाचली, एवढीच तुमची वंशावळ. पुढची शतकं गावोगाव घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक शनिवार तेली म्हणू लागले. सुंता टिकली, शमा ही प्रार्थना टिकली, कीर्तनं मराठीत झाली. कागद नव्हते. कोणी मागितलेही नव्हते.

१९४८ नंतर तुमची माणसं जहाजाने, विमानाने इकडे आली. आता तुमचं लग्न ठरलंय आणि तुम्ही नोंदणी करणाऱ्यासमोर बसलाय. आईचं नाव? सांगता. आजीचं? सांगता. तिची आई कोण होती? त्या घराण्यात कोणाचा काडीमोड झाला होता का, झाला असेल तर धर्मशास्त्राप्रमाणे पत्र दिलं होतं का? दिराशी बांधली गेलेली विधवा वहाण काढून रीतीप्रमाणे मोकळी झाली होती का? पणजी रेवदंड्याला की किहीमला होती, हे तुम्हाला आठवतं. तिच्या मावशीच्या काडीमोडाचं तुम्हाला काय ठाऊक? माणूस लिहून घेतो आणि म्हणतो, कळवतो.

१९६२ साली मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी कुळाची जितकं मागे जाता येईल तितकी चौकशी करावी असा निर्देश काढला होता. इस्राएलात यहुद्यांचं लग्न या मंडळाच्या अखत्यारीबाहेर लागत नाही, त्यामुळे देशातल्या देशात पळवाट नव्हती. बेने इस्राएल रस्त्यावर उतरले. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेमात निदर्शनं झाली, ज्या शहरात हक्कोसाच्या लोकांना बाजूला काढलं होतं त्याच शहरात. ऑगस्टमध्ये क्नेसेटची, म्हणजे तिथल्या संसदेची, खास बैठक बोलावली गेली. लेव्ही एश्कोल पंतप्रधान होते. बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत आणि इतर यहुद्यांत व त्यांच्यात भेद नाही, असं सरकारने जाहीर केलं आणि रब्बीमंडळाने भेदाला कारण ठरणाऱ्या गोष्टी काढून टाकाव्यात असं सांगितलं.

रब्बीमंडळाने निर्देश बदलला. त्यातून बेने इस्राएल हे नाव काढलं. ज्या कोणाच्या कुळाबद्दल शंका असेल त्याची चौकशी करावी, हे कलम त्यात राहिलं.